रविवारी ती म्हणाली होती

मिल्टन कीन्स,
१९ नोव्हेंबर २००४

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं डिंकाच्या लाडवांचं पार्सल पोचलं. ऋजुताची तब्येत सुधारतेय, टाके वाळले.

लक्ष्मीपूजनाला फोनवर मी "दोघी मजेत" म्हणालो, ते खोटं होतं. तुमची नात तेव्हा काचेच्या पेटीत होती. जन्मल्यावर ती रडलीच नाही. पोटातच तिला ऑक्सिजन कमी पडला होता. दोन दिवस लघवी नाही, अंगभर सूज. किडन्यांनाही धक्का बसलाय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी तिला झटके यायला लागले. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं होतं. ते सलाईनमधून हळूहळू दिलं, तेव्हा थांबले. इथे नॅपीचं वजन करून लघवी मोजतात. चौथ्या दिवशी, गुरुवारी नर्सने ओली नॅपी दाखवली, तर मी तिच्यासमोरच रडलो.

आई, खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

जन्माच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी ऋजुता म्हणाली, "अरे, बाळ सकाळपासून फारसं हललं नाहीये. हॉस्पिटलला जाऊ या का?" सोमवारी माझा डेमो होता. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, "झोपलं असेल गं. उद्या बघू." तिला गाडी चालवता येत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी हॉस्पिटलला गेलो, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "हालचाल कधीपासून कमी झाली?" मी पटकन म्हणालो, "आज सकाळपासून." ऋजुताने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यावर आजवर एक शब्द बोललेली नाही. तुम्हालाही सांगणार नाही. मला सांभाळून घेतेय.

काल मी एकटाच जाऊन खरं सांगून आलो. बाईंनी फाइलमध्ये लिहून घेतलं. "रविवारीच आणलं असतं तर?" मी विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

किडन्या आता काम करू लागल्यात, कॅल्शियमही ठीक आहे. मेंदूचं मात्र वर्ष-दीड वर्ष नीट कळणार नाही.

बाळंतपणाला तुम्ही येणार होतात. "इथे सगळी सोय आहे" म्हणून मीच नको म्हटलं. आता या. व्हिसासाठीचं पत्र सोबत ठेवलंय. तुमच्या लेकीला तुम्ही हव्या आहात. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

खाली "तुमचा जावई" असं लिहिलं होतं, ते खोडलंय.

प्रणव