नळीतली गाठ

बाबा, गेल्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. लवकर सापडली, मी बरी आहे. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कोणाला कॅन्सर होता का. 'वडलांना, किडनीचा,' असं मी सांगून टाकलं आणि मग थांबले. किडनीचा नव्हताच तो. किडनीतून लघवी खाली मूत्राशयात नेणारी जी नळी असते, तिच्यात होता. हे ऐकल्यावर त्या लिहायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या.

तुमचा आजार सुरू झाला त्या उन्हाळ्यात बडनेऱ्याहून ड्यूटी करून आलात आणि आईला हळूच म्हणालात, लघवी लाल झाली. 'ऊन लागलं तुमाले,' म्हणत तिनं धन्याचं पाणी करून दिलं. लघवी साफ झाली, आपण विसरलो. दिवाळीत पुन्हा लाल. 'दुखून नाही राहिलं, त दवाखान्यात काहून जाऊ?' असं म्हणत तुम्ही हिवाळाही काढलात. शेवटी सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली दिसली. नळीत गाठ होऊन लघवी तुंबली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर येतात आणि तुम्ही पलंगावर मांडी घालून विचारता, 'गाठ नळीत हाये, मंग किडनी काहून काढता, साहेब?' दोन्हीचं आतलं अस्तर एकच, रोग तिथंही उगवू शकतो, असं ते समजावतात. 'मंग काढा,' तुम्ही म्हणता. काढली, पण उशीर झाला होता. पुढं तो फुप्फुसात गेला आणि तुम्ही गेलात.

डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासायला पाठवलं. एक जनुक बिघडलेला निघाला. त्यानं आतड्याचाही कॅन्सर होतो आणि त्या नळीचाही. 'वडलांकडून आला असणार,' त्या म्हणाल्या. 'भावालाही तपासायला सांगा.' मी अकोल्याला दादाला फोन केला.

'मले काही होऊन नाही राहिलं. मी काहून तपासू?'

'बाबाले तरी कुठं दुखत होतं?'

तो गेला. परवा रिपोर्ट आला. त्याच्यात तो दोष नाही. मला हायसं वाटलं. तो मात्र फोनवर म्हणाला, 'तुले एकटीलेच काहून वं?'

एक गोष्ट दादालाही सांगितली नाही; हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझा चेहरा आईचा, आवाज आईचा, रागही तिचाच, असंच सगळे म्हणत आले. त्या दिवशी 'वडलांकडून' हा शब्द कानावर पडला, तेव्हा भीती वाटायच्या आधी मला क्षणभर बरं वाटलं होतं.