गोंगाटाचा पुरावा

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही म्हणायचं कारण, उजवा हात मध्यंतरी गळ्यात बांधलेला होता. शिडीवरून पडलो. आता बरा आहे, अक्षरावरून तसं वाटणार नाही.) अक्कांनाही नमस्कार. तुम्हा दोघांचं सगळं ठीक असेल असं मी धरून चालतो, कारण तुमचं पत्र येत नाही, आणि आपल्या नात्यात काही दुखलं-खुपलं की मगच पत्र लिहायची पद्धत आहे. माझं म्हणाल तर कामावर जातो, घरी येतो, स्वयंपाक करतो. तो कधी कच्चा राहतो, कधी करपतो. मधला प्रकार अजून जमलेला नाही.

मागे भेटलो तेव्हा तुम्ही विचारलं होतं, की तुमच्या बाकावर बसणारा तो चिक्कू, जो खोडरबर अर्धं कापून अर्धं पुढच्या वर्षासाठी ठेवायचा, तो नगराध्यक्ष होऊन काय दिवे लावतोय. साडूभाऊ, तो दिवे लावत नाही, मालवतो. रस्त्यावरचा एकाआड एक दिवा त्यानं बंद करायला लावला (आणि नगरपालिकेचा वायरमन मी, तेव्हा शिडी चढलो मीच). सरकारी गाडी विकली आणि सायकलवरून यायला लागला. कचेरीतल्या ज्या खुर्च्यांवर माणसं नव्हती त्या विकल्या, आणि ज्या खुर्च्यांवर माणसं होती त्यांना, तुम्ही नक्की काय करता, असं विचारत हिंडला. दोन जण उत्तर शोधायला गेले ते परत आले नाहीत. बागेचा माळी निवृत्त झाला, बाग माझ्याकडे आली. कुत्री पकडणारा निवृत्त झाला, कुत्री माझ्याकडे आली. (ती आता बागेतच असतात. दोन्ही खाती एकत्र चालवायला सोपं पडतं.) मनोऱ्यावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा काढून ठेवला, कारण त्याच्या मते इथे मिनिटांवाचून कुणाचं काही अडत नाही. पण हसू नका. आधीच्यांनी करून ठेवलेलं सगळं कर्ज या माणसानं फेडलं, पगार वेळेवर होतो, नळाला पाणी येतं. शिव्या घालत घालत लोकांनी त्यालाच दुसऱ्यांदा निवडून दिलं.

तिजोरी सावरली तरी बाजारपेठ मात्र मेलेलीच होती. गिरणी बंद पडल्यापासून एकेक दुकान मिटत गेलं. भर दुपारी शटरांवरून हात फिरवत पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावं, कुणी हटकणार नाही, अशी दशा तुम्ही पाहिलीच आहे. माणसं येत नाहीत म्हणून दुकानं उघडत नाहीत, आणि दुकानं उघडत नाहीत म्हणून माणसं येत नाहीत, एवढं सगळ्यांनाच कळत होतं. यातलं आधी काय आणायचं, ते फक्त त्याला सुचलं. त्यानं गोंगाट आणला. तुम्हाला आठवत असेल, फार वर्षांपूर्वी पेठेत माडीवर राहणाऱ्या एका वकिलानं, बाजाराच्या आवाजानं झोप होत नाही म्हणून नगरपालिकेवर दावा लावला होता. आवाज फारसा नसतो हे कोर्टाला पटवायला आम्ही एका दुपारचा अख्खा बाजार टेपवर उतरवला, आणि मायक्रोफोन धरून पेठेत हिंडलो होतो मी. (दावा हरलो. पुरावा फारच चांगला निघाला.) ती टेप कपाटात पडून होती. पैसे देऊन केलेली वस्तू आहे, वाया का घालवायची, असं म्हणून नगराध्यक्षानं खांबाखांबावर कर्णे चढवले (मीच चढवले, हात तेव्हाच मोडला), आणि रोज दुपारी टेप सुरू.

सुरुवातीला अंगावर काटा यायचा. रस्ता रिकामा, शटरं बंद, आणि वरून शेकडो माणसं बोलतायत, घासाघीस करतायत, पोर रडतंय, सायकलची घंटी वाजतेय, कुणीतरी "सरका, सरका" म्हणतंय आणि सरकायला कुणी नाही. कुत्री बागेबाहेर पडेनात. मग आवाजानं माणसं गॅलरीत आली, मग खाली उतरली, आणि चार लोक बोलत असले की आपलाही हात खिशाकडे जातो, तसं काहीसं झालं. आधी न्हाव्यानं दुकान उघडलं, मग शिंप्यानं, आणि बघता बघता पेठ गजबजली. बाहेरगावची माणसं हा चमत्कार पाहायला येतात, नगराध्यक्ष त्यांना सायकलवरूनच सगळं दाखवतो. मला एक गोष्ट तेवढी खटकायची. चालता चालता माणसं मधेच अंग चोरतात, कुणाला तरी वाट द्यावी तशी, आणि बाजूला कुणीही नसतं. विचारलं तर म्हणतात, गर्दी किती वाढलीय!

आता मुद्द्याचं. त्या दुपारी आमची मंडळीही बाजारात होती. टेपमध्ये ती भांडीवाल्याकडे झाकणाच्या एका मोठ्या पातेल्याचा भाव करते, तो काही खाली येत नाही, आणि शेवटी ती म्हणते, "राहू दे, ठेवा तुमच्याकडेच." कोर्टात टेप इतक्यांदा वाजली की मला ते सगळं तोंडपाठ होतं. ती गेली तेव्हा मी रडलो नाही म्हणून अक्कांना राग आला होता, मला माहीत आहे. टेप पहिल्यांदा खांबावरून वाजली आणि ते "राहू दे" ऐकलं, तेव्हा मी गळ्यातल्या हातासकट शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो. पेठ अजून रिकामी होती म्हणून अब्रू राहिली. त्यानंतर रोज त्या सुमाराला भांडीवाल्याच्या खांबाखाली मी काही ना काही काम काढायचो. आणि एक दिवस "राहू दे" आलंच नाही. ती म्हणाली, "बरं, तुमचंही नको नि माझंही नको," आणि भाव पुढे सुरू राहिला.

मला वाटलं टेप ताणली गेली. काढली, पुसली, परत लावली. दुसऱ्या दिवशी आणखी पुढे. रोज ती त्याला थोडं थोडं खाली आणते आहे. हिचा स्वभाव तुम्ही जाणताच. एकदा दुकानाची पायरी चढली की समोरच्याला घाम फोडल्याशिवाय उतरायची नाही. मरून चार वर्षं झाली, त्यात काडीचा फरक नाही.

मला वेड लागलं असं वाटत असेल तर भांडीवाल्याला विचारा. तो हयात आहे, दुकान त्यानं परत उघडलंय, आणि आपलाच तरुणपणीचा आवाज रोज थोडा थोडा हरताना ऐकून त्याचं जेवण तुटलंय. गिऱ्हाइकं कर्ण्याकडे बोट दाखवून तोच भाव मागतात. परवा म्हातारा खांबाखाली उभा राहून स्वतःवरच ओरडत होता, "देऊ नकोस, मूर्खा! बूड बघ किती जाड आहे त्याचं!" वरून त्याचाच आवाज म्हणाला, "बरं ताई, आणखी थोडं सोडतो." तो मटकन पायरीवर बसला. मी पाणी आणून दिलं. प्यायल्यावर म्हणाला, बाई मोठी चिवट आहे हो. मी म्हटलं, माझी बायको. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू.

आणि आता नगराध्यक्षाचा हुकूम निघालाय. पेठ आता स्वतःच्या तोंडानं ओरडते, मग विजेवर ओरडायचा खर्च कशाला? पुढच्या एक तारखेपासून टेप बंद. बटण बंद करायचं कुणी, हे तुम्हाला सांगायला नको. मी जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाला की मला त्या कर्ण्यांतून फक्त मीटर फिरताना ऐकू येतं. माणूस वाईट नाही. पण साडूभाऊ, मला तिचा आवाज हवा आहे. घरात तिच्या चपला आहेत, चष्मा आहे, एक अर्धवट विणलेला मोजा आहे. त्यातलं बोलत काहीच नाही.

असो. अक्कांना मान, नातवंडांना गालगुच्चा, आणि चुकलं-माकलं असेल ते मोडक्या हाताच्या खात्यावर टाकावं.

आपला,
धाकटा साडू

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहूनच गेलं. एक तारखेच्या आत इकडे या. बाकावरच्या मित्राचा शब्द तो मोडणार नाही. पेठेची टेप बंद करायची तर खुशाल कर, पण भांडीवाल्यापुढचा एक कर्णा चालू ठेव, एवढंच त्याला सांगा. खाटेवर तुम्ही झोपा, मी खाली पथारी टाकीन. अक्कांना प्रवास झेपत नसेल तर एकटे आलात तरी चालेल.

ता. क. (दुसऱ्या दिवशी.) पाकीट चिकटवलं नव्हतं हे फार बरं झालं. आज सौदा झाला. टेपमधला भांडीवाला म्हणाला, न्या ताई, पण दोन माणसांच्या घरात एवढं पातेलं कशाला? ही म्हणाली, जेवायला माणसं आहेत. आणि तिनं एकेक माणूस मोजला. आपले सासरे. सासूबाई. लंगडे मामा. माझी आई. हिची ती शिवणकामवाली मैत्रीण. यातलं आज एकही जिवंत नाही, साडूभाऊ, आणि टेप केली त्या दुपारी यातली निम्मी माणसं धडधाकट होती. मग ती म्हणाली, "आणि आमच्या अक्काचे हे. त्यांना तिखट सोसत नाही, त्यांचं वेगळं काढीन. ते पुढे येतील, अक्का मागाहून येईल, सावकाश."

मी शेवटपर्यंत थांबलो. माझं नाव तिनं घेतलं नाही. माझा चेहरा पाहून भांडीवाला (हयात असलेला) म्हणाला, वाईट काय वाटून घेता? पाहुण्यांत नवऱ्याला कुणी मोजतं का? त्यानं तर घरी थांबायचं आणि आमंत्रणं करायची. आणि ते पातेलं, जे इतकी वर्षं त्याच्या फळीवरच होतं, कागदात गुंडाळून त्यानं माझ्या हातात ठेवलं. पैसे घेईना. विकलं ते विकलं, म्हणाला. आता ते ओट्यावर आहे.

परत येताना मी बटण बंद केलं. एक तारखेची वाट पाहिली नाही. ती काहीतरी बोलत होती, वाक्य अर्धंच राहिलं. पेठेत कुणाच्या लक्षातही आलं नाही. नगराध्यक्षानं तेवढी वीज वाचली म्हणून माझी पाठ थोपटली.

तेव्हा वरचा ताजा कलम खोडलेला समजा. तुम्ही येऊ नका. मी आजारी आहे असं कुणी कळवलं, मी गेलो असं कळवलं, तरी येऊ नका. आणि पुढे कधी माझं पत्र आलं, अगदी याच वेड्यावाकड्या अक्षरात, की साडूभाऊ, जेवायला या, तर ते अक्कांना न दाखवता फाडून टाका.