आठ सीट, एक रिकामी जागा

३ ऑक्टोबर, सकाळी

काल दसरा. गाडीची पूजा झाली. हार घातला, नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू अजून अखंड आहे. गाडी सुरूच झाली नाही.

मारोतराव (शेजारी, किराणा दुकान) गिऱ्हाइकांना घेऊन आले, म्हणाले, ढकलून नेतो नं लिंबावरून. मी साफ नकार दिला. खास जपानहून आलेली आठ सीटची गाडी ढकलून नेणं तिच्या इभ्रतीला शोभत नाही.

ठराव: गाडी घरच्या घरी, स्वतः दुरुस्त करायची. नुसती दुरुस्त नाही, अपग्रेड करायची. मुदत २० नोव्हेंबर. त्या दिवशी यामिनीला पहिल्या बाळंतपणासाठी यवतमाळहून माहेरी आणायचं आहे. मी स्वतः माझ्या गाडीतून घेऊन येईन, असा शब्द गणपतीत व्याह्यांच्या घरी भर पंगतीत दिला आहे.

रमा (बायको) म्हणाली, बसनं आणू, नाईतर जावई सोडून देतीन. ऐकून घेतलं.

या डायरीच्या रेघा फार फिक्या छापल्या आहेत. दुकानदाराला सांगणे.

५ ऑक्टोबर

बॉनेट उघडून रीतसर मुआयना केला. तहसील कचेरीत जन्म गेला, गुंतलेला मामला शांत डोक्याने कसा बघायचा ते मला कुणी शिकवायला नको.

तफसील अशी: किल्ली फिरवली की घर्र घर्र होतं, पुढे काही नाही. इंजिनाशेजारी एक काळी डबी आहे. तीत फ्यूज वगैरे ओळीने बसवलेले. एक जागा मात्र रिकामी, चार भोकांची. बोटाने चाचपून खात्री केली. विचार केला तेव्हा उलगडा झाला. जपानी लोक दूरचं बघतात. पुढेमागे अपग्रेड करायला सोय म्हणून ती जागा सोडलेली आहे.

रमा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, सापडलं का काई? म्हटलं, सापडेल. बरं, म्हणाली आणि आत गेली. गाडीत इतका रस तिने आजवर घेतला नव्हता.

८ ऑक्टोबर

नवी बॅटरी बसवली. घर्र घर्र तेच, फक्त जास्त जोरात. बॅटरीवाल्याने दगा दिला.

डॅशबोर्डमधल्या बाईने मात्र साथ सोडलेली नाही. हैदराबादेत एका परदेशी इंजिनिअरकडून गाडी घेतली तेव्हापासून किल्ली फिरवली की ही बाई जपानीत एक वाक्य बोलते. इतक्या अदबीने की ऐकत राहावं. मी दर वेळी उलट नमस्कार करतो. आजही केला.

आज पूजा करताना लक्षात आलं, देवघरात नवा शाळिग्राम आला आहे. काळा. हाताला चौकोनी लागतो, खाली चार पितळी पाय बसवलेले. रमाने माहूरहून मागवला असावा. चौकोनी शाळिग्राम फार दुर्मिळ. विचारलं नाही, तिच्या श्रद्धेत मी दखल देत नाही. स्नान घातलं, तुळस वाहिली.

१२ ऑक्टोबर

अपग्रेड क्रमांक एक: दिवे.

कारण नमूद करून ठेवतो. राखीला यामिनी आली होती. तेव्हा तिला घेऊन नार्नूरला धोंडीबाकडे (रमाचा भाऊ, भाजीपाला पिकवतो) गेलो होतो. त्याच्या मळ्याच्या फाटकाचा दगडी खांब गाडीच्या मध्ये आला. डाव्या बाजूला ओरखडा पडला, बाकी काही नाही. पण तेव्हापासून रमाने डोळ्यांच्या डॉक्टरचा जप लावला आहे. माझे डोळे ठणठणीत आहेत. गाडीच्या दिव्यांचा उजेड थकला आहे. नंतर पावसाळा होता म्हणून गाडी झाकून ठेवली, नाहीतर हे काम तेव्हाच केलं असतं.

मूळच्या तिप्पट उजेडाचे एलईडी बसवले. लावून पाहिले. ठीक आहेत, फार नाहीत. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं.

रमा म्हणाली, काऊन इतके लाईट लावून राह्यले? दिवसा तरी दिसते का तुमाले? टेक्निकल प्रश्नात घरगुती वाद नकोत म्हणून गप्प बसलो.

१४ ऑक्टोबर

मारोतरावांना लांबून नमस्कार केला. उत्तर नाही. दुसऱ्यांदा केला, तरी नाही. जवळ गेलो तर दुकानाबाहेर रचलेली पोती. हल्ली ते दुकान फारच रस्त्यावर आणतात.

१६ ऑक्टोबर

अपग्रेड क्रमांक दोन: मोठा स्क्रीन. मागच्या कॅमेऱ्यासकट. स्क्रीनवरचं चित्र धुरकट येतं. बदलून मागितला. दुसराही तसाच आला. कंपनीला कडक शब्दांत लिहिणार.

वायरिंगला पूर्ण दिवस गेला. वायरी सगळ्या चॉकलेटी रंगाच्या, जपान्यांनी रंगात काटकसर केलेली दिसते. आता वायपर लावला की हॉर्न वाजतो. पावसात हे सोयीचंच पडेल.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

देवांनाही अभ्यंग घातलं. तेल, उटणं, ऊन पाणी. शाळिग्रामाला जरा जास्त चोळलं, कारण गाडीचं साकडं त्यालाच घातलं आहे.

जयदीप हैदराबादहून आला आहे. पोरगा इंजिनिअर. हात धरून बॉनेटशी नेला. त्याने डबीत पाहिलं, मग आईकडे पाहिलं, मग म्हणाला, बाबा, मले यातलं काई कळत नाई. एवढं शिकवलं ते याचसाठी.

नंतर मायलेक स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी गेलो की गप्प. जयदीपच्या लग्नाचं काही चाललं असावं. हरकत नाही, पण गाडीचं निस्तरल्यावर.

२२ ऑक्टोबर

जायच्या आधी जयदीपने गाडीतल्या बाईचं बोलणं फोनला ऐकवलं. फोनने मराठीत सांगितलं: नकाशाची सीडी घातलेली नाही, कृपया घालावी. इतकी वर्षं ती मला हेच ऐकवत होती आणि मी हात जोडत होतो. यापुढे नमस्कार बंद.

२ नोव्हेंबर

मारोतराव डबीत डोकावून म्हणाले, बाकी सगळ्या घरात काई ना काई हाय, हेच एक घर खाली काऊन? मी त्यांना भविष्यातल्या अपग्रेडचं सांगितलं. त्यांनी रमाकडे पाहिलं. रमाने विचारलं, चहा घेता का भाऊ? चहा घेऊन गेले. नंतर त्यांनी गाडीचा विषयच काढला नाही.

त्यांना आपला शाळिग्राम दाखवला. बराच वेळ निरखत होते. असा कुठीच पाह्यला नाई, म्हणाले. अर्थातच.

९ नोव्हेंबर

मोबाईलवरचा व्हिडिओ म्हणतो, इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही. म्हणजे पंप. पंप टाकीत, टाकी मधल्या सीटखाली. सीट काढून अंगणात ठेवली. रमाने लगेच तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या.

नवा पंप बसवला. चार नट उरले. जादाचे दिलेले असावेत. घर्र घर्र चालूच.

पंपाने दगा दिला. व्हिडिओवाल्यानेही दिला. या गाडीपायी माणसांची ओळख पटत चालली आहे.

१५ नोव्हेंबर

व्याह्यांना फोन. वीस तारखेला अकरा वाजता दारात हजर होतो, म्हटलं. ते म्हणाले, अहो, आम्ही आणून सोडतो ना, तुम्ही कशाला त्रास घेता. त्यांची गाडी नवीन आहे, हे मी जाणून आहे. शब्द म्हणजे शब्द, म्हटलं.

यामिनी फोनवर आली. आवाज बारीक वाटला. बाबा, दगदग करून घेऊ नका, एवढंच म्हणाली. तिला सांगितलं, मधली सीट मागे पाडून पलंगासारखी करून ठेवतो, पाय लांब करून ये. (मिरच्या काढायला सांगणे.)

१९ नोव्हेंबर

उद्या जायचं. अजून घर्र घर्र.

आता शेवटचा उपाय. शाळिग्रामाला दूध, दही, तूप, मध, साखर, पाचही नीट मोजून अभिषेक केला. रमा मागे उभी होती. वळून पाहिलं तर तोंडाला पदर लावलेला, खांदे हलत होते. भक्तीने गहिवरली होती.

२० नोव्हेंबर

सकाळी साडेसातपासून किल्ली फिरवत होतो. साडेनऊच्या सुमारास फाटकाशी ऑटो थांबला. यामिनी उतरली. पाठोपाठ आलोकराव, जावई, बॅग घेऊन. पहाटेच्या बसने आले.

रमा भाकरतुकडा घेऊन दारात तयार. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. व्याह्यांना, जयदीपला, बहुतेक ऑटोवाल्यालासुद्धा. मी उठून कुणाला या म्हटलं नाही. गाडीत बसून राहिलो. आयुष्यभर कचेरीत लोकांनी फसवलं, तेव्हा घरी येऊन बोलायला माणसं होती. आता कुणाशी बोलायचं?

थोड्या वेळाने यामिनी येऊन शेजारच्या सीटवर बसली. म्हणाली, बाबा, आईवर रागावू नका, मीच सांगितलं होतं तिला. राखीला त्या खांबापाशी मी मागं डाव्या बाजूला बसले होते. खांब मले दिसून राह्यला होता. तुम्हाला दिसतच नव्हता. ओरडले तरी तुम्ही कुठं, कुठं करत राह्यले. मी पोट धरून खाली वाकले. आणि मग तुम्ही मले म्हणाले, दगड मधी आला.

मी म्हटलं, मला तू बोलली नाहीस. ती म्हणाली, तिथंच बोलले होते, बाबा.

मग मला हाताला धरून देवघरात नेलं आणि शाळिग्राम उचलून माझ्या हातात दिला. तो शाळिग्राम नाही. त्याला रिले म्हणतात. त्याच्याशिवाय पंपाला वीज मिळत नाही. डबीतली रिकामी जागा त्याची. जयदीपने व्हिडिओ कॉलवर दाखवला आणि रमाने दसऱ्याच्या आधीच उपटून ठेवला.

मी रमाला विचारलं, माझ्यापासून लपवलंस? ती म्हणाली, लपवला काऊन म्हणता? तुमच्या समोरच ठेवला, देवाजवळ. रोज हातात घेत होते तुमी. मनात म्हटलं, ज्या दिवशी यायले दिसन, त्या दिवशी खुशाल न्या गाडी.

तुळशीचं पान अजून त्याला चिकटलेलं होतं.

२१ नोव्हेंबर

रिले डबीत बसवला. बरोब्बर बसला. किल्ली फिरवली. घर्र घर्र.

यामिनी वास घेऊन म्हणाली, दह्याचा येऊन राह्यला. जयदीप फोनवर म्हणाला की रिलेला आंघोळ घालायची नसते. ही माहिती मला आधी कुणीही दिली नव्हती.

२६ नोव्हेंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्हीकडून दोघी, मध्ये मी. डॉक्टरांनी तेलुगूत (इकडे सरकारी भाषा तीच) विचारलं, तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात का? म्हटलं, तेलुगू मला उत्तम वाचता येतं, तक्ता कुठे आहे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. कधीपासून दिसत नाही, असं त्यांनी मला विचारलं आणि उत्तर रमाने दिलं.

आधी डावा करणार.

९ डिसेंबर

परवा पट्टी निघाली. दोन दिवस घरातच होतो. रमाचे केस बरेच पांढरे झाले आहेत, हे दिसलं. तिला म्हटलं नाही.

आज सकाळी थंडीत एकटाच अंगणात गेलो. वायरी तांबड्या, काळ्या, पिवळ्या, हिरव्या, सगळ्या रंगांच्या आहेत. मी तांबडी काळीला जोडली आहे आणि हिरवी कशालाच नाही.

मग डाव्या बाजूला गेलो. ओरखडा नाही. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत पत्रा आत गेला आहे. मागचं दार, जिथे यामिनी बसली होती, तिथे सगळ्यात खोल. खिडकीच्या काचेला तडे आहेत, त्यांवर रमाने आतून चिकटपट्टी लावलेली आहे. ती काच फुटली असती तर काय झालं असतं, हे उभ्याउभ्या मनात आलं. तिथेच चौथऱ्यावर बसलो.

गाडीची ही गत झाली हे मला कुणीच सांगितलं नाही, असं लिहायला आता डायरी उघडली होती. तसं लिहिता आलं नाही.

यामिनी शाल घेऊन बाहेर आली होती. काय बघून राह्यले बाबा? म्हणाली. म्हटलं, ओरखडा. ती शेजारी बसली. तिला आता बसायला फार वेळ लागतो.

संध्याकाळ

मारोतरावांच्या दुकानात स्वतः गेलो. या वेळी नमस्कार त्यांनाच केला. म्हटलं, दसऱ्याला म्हणाला होतात तशी गाडी ढकलायला चार माणसं आणा. मागच्या कुंपणाशी लावून ठेवायची आहे. का, ते त्यांनी विचारलं नाही.

चाक फिरलं तेव्हा वाकून पाहिलं. दसऱ्याचं लिंबू तिथेच होतं. गाडी त्यावरून गेली. वाळलं होतं, आवाजसुद्धा झाला नाही.