एलिसेओच्या नावावरची गाडी

मी, एर्मेलिंदा पाइस, विधवा, वय वर्षे बहात्तर, धंदा पावभट्टी, राहणार एस्तान्सुएला, जिल्हा साकापा, ग्वातेमाला, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही.

१. भट्टी, पत्र्याचे साचे आणि माझी गिऱ्हाइके मुलगी ओदिलिया हिला. राबते तीच. पीठ मळताना मीठ विसरते, तेवढे सुधारावे.

२. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहिलेल्या रोमुलोला काहीही देऊ नये. दर रविवारी दारात येऊन म्हणतो, "पोरगा गेला म्हणून सांग आणि मोकळी हो." धर्मबापाच्या तोंडी हे शोभत नाही. माझ्या मयताला आला तर कॉफी द्यावी, साखर त्याची त्याने आणावी.

३. आता गाडी. पांढरी पिकअप मुलगा एलिसेओ याने जुनीच घेतली, स्वतःच्या नावावर केली, आणि उत्तरेकडे अमेरिकेला निघताना मालकीचा कागद त्याच्या खिशातच गेला. सरहद्दीवरून एकदा फोन आला, "आई, पोचलो की कळवतो." पुढे काही नाही. तेव्हा ओदिलियाची वेणी मी घालत असे. आता तिचे केस पिकायला लागलेत.

वाहन कचेरीत इतके खेटे घातले की शिपाई मला बघून खुर्ची ओढतो. हरवलेल्या कागदाची नक्कल फक्त मालकालाच मिळते. खिडकीवरची मुलगी वाईट नाही. म्हणते, "मावशी, मालकाला तरी आणा, नाहीतर तो वारल्याचा कोर्टाचा कागद तरी आणा." दर वेळी मी तशीच घरी आले. पण परवा पोलिसांनी गाडीचा कागद नाही म्हणून ओदिलियाला नाक्यावर अडवले. पुन्हा दिसली तर गाडी जप्त करणार आहेत. गाडी गेली की पाव बाजारात पोचणार नाही, आणि मग ती खाणार काय?

म्हणून लिहिते, आणि लिहिताना जीव तुटतो: माझ्या मागे ओदिलियाने कोर्टात जावे, भाऊ वारला असे सांगावे आणि गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. तोवर शेतातल्या वाटेने जावे. मी थकले आहे, पण हे कानांनी ऐकण्याइतकी नाही.

४. घर निम्मे ओदिलियाचे, निम्मे एलिसेओचे. मागची खोली त्याची. ती भाड्याने देऊ नये.

इथे लिहून घेणारे वकील थांबले. म्हणाले, "एर्मेलिंदाबाई, एकच माणूस गाडीसाठी मेलेला आणि घरासाठी जिवंत, असं नाही हो चालत."

मी म्हटले, "कोर्टाला गाडीपुरता दिला ना मी तो. घरात माझं चालतं. लिहा."

त्यांनी लिहिले. मी वाचून घेतले आणि सही करते.

एर्मेलिंदा पाइस

साक्षीदार: फुल्हेन्सिओ सुचिते, शेजारी
कातालिना बार्गास, शिक्षिका

एस्तान्सुएला, ९ मार्च २०२३