बालहक्क, वरचा मजला

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी संस्थेचा इतिहास लिहायला घेतला तर बिचाऱ्याची सोय होईल.

फाउंडेशनने कळवलंय की यापुढे देणगी बंद. लहान मुलांऐवजी आता ते कासवांच्या पिल्लांकडे लक्ष देणार. टायपिस्टबाई म्हणाल्या, म्हणजे संस्था बंद. मी समजावलं, बाई, संस्था बंद होत नसते, तिचं रूपांतर होतं. त्या म्हणाल्या, माझ्या पगाराचं कशात होणार तेवढं सांगा. विनोदबुद्धी चांगली आहे. टायपिंग सुमार.

संकल्प : खचायचं नाही. बालशिक्षणाची बाजू सरकारदरबारी मांडणारा या भागात माझ्याशिवाय आहे कोण?

३ फेब्रुवारी

'प्रत्येक इमारतीत मुलांसाठी एक खोली' या मोहिमेचं निवेदन लिहायला बसलो. तिसऱ्या ओळीलाच खाली दंगा सुरू. आमच्या ऑफिसच्या बरोबर खाली पाळणाघर आहे, हे या संस्थेचं दुर्दैव. पोरांचे घसे आहेत की काय! त्यातल्या एका कार्टीचं नाव मी भोंगा ठेवलंय. गेल्या वर्षी आली, तेव्हापासून डोकं उठवलंय.

शेवटी मोर्चाच्या फलकाची काठी उचलली आणि फरशीवर तीनदा आपटली. धाड, धाड, धाड. खाली चिडीचूप. नऊ वर्षं हाच उपाय चालू आहे. 'मुलांचा आवाज ऐका' हा फलक आपटून आपटून फाटलाय, पण काठी अजून दणकट आहे.

पाचच मिनिटांत पुन्हा ओरडा. पुन्हा काठी. निवेदन तीन ओळींचंच राहिलं.

५ फेब्रुवारी, रात्री जेवण झाल्यावर

लेक आली होती. पुढच्या महिन्यापासून तिला संध्याकाळपर्यंत कामावर थांबावं लागणार. जावयाची नोकरी फिरतीची. ठकीचं पाळणाघर दुपारी एकलाच सुटतं, कारण मुलांना निजवायला तिथे जागा नाही. म्हणाली, बाबा, दुपारी ठकीला सांभाळाल का? नाहीतर मला नोकरी सोडावी लागेल.

नातीवर माझा जीव आहे. पण लेकीला सांगितलं, अगं, माझ्या डोक्यावर लाखो मुलांची जबाबदारी, एकीसाठी वेळ कुठून काढू? ती म्हणाली, ठकी कुठल्या पाळणाघरात जाते ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? म्हटलं, तू निवडलंस म्हणजे चांगलंच असणार. यावर ती उठून गेली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, दिव्याखाली अंधार.

खरंय. ऑफिसातला बल्ब गेलाय. बदलून घेणे.

९ फेब्रुवारी

पाळणाघरवाल्या बाई वर आल्या. संस्था बंद होतेय असं ऐकलं म्हणे. (टायपिस्टबाईंचं तोंड!) खोली आम्हाला द्याल का, दुपारी मुलांना निजवता येईल, मग संध्याकाळपर्यंत पाळणाघर चालवू, आयांच्या नोकऱ्या वाचतील. मी शांतपणे सांगितलं की मुलांना जागा मिळावी यासाठीच इथे काम चालू आहे, त्यात कृपया व्यत्यय आणू नका.

भाडं वर्षअखेरपर्यंत भरलेलं आहे. किल्ली माझ्याकडे. संस्था राहो न राहो, ऑफिस राहील.

जाताना बाई म्हणाल्या, पोरं रोज तुमची वाट बघतात हो. धाक असावा.

१४ फेब्रुवारी

काल अंघोळ करताना सुचलं. कासवं तर कासवं! 'कासवांच्या पिल्लांचे पूर्वप्राथमिक शिक्षण : एक दुर्लक्षित प्रश्न' असा प्रस्ताव एका बैठकीत लिहून काढला. भोंग्यामुळे मध्ये सात वेळा काठी. जोडीला मदत म्हणून खजिनदारांना फोन केला. ते दातांचे डॉक्टर. म्हणाले, कासवांना दात नसतात, आणि फोन ठेवला. दृष्टी नाही.

१७ फेब्रुवारी

फाउंडेशनचं उत्तर आलं. कासवाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की आपलं आपण पाण्याकडे चालू लागतं, त्याला कुठल्याही संस्थेची गरज पडत नाही, असं लिहिलंय. शेवटचं वाक्य मला खोचक वाटलं. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, कासवांचं नशीब.

२० फेब्रुवारी

कार्यकारिणीची बैठक. आमच्या बैठका बालवाडीच्या खुर्च्यांवर होतात. नियम माझा. गुडघे हनुवटीला लागल्याशिवाय मुलांचे प्रश्न कळत नाहीत. अध्यक्षबाई अंगाने भारदस्त. संस्था विसर्जित करण्याचा ठराव मांडायला त्या उठल्या, तर खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. खुर्ची न सोडणारे अध्यक्ष पुष्कळ पाहिले, अध्यक्षांना न सोडणारी खुर्ची पहिल्यांदाच पाहिली. खजिनदारांनी त्यांच्या पाठीमागे पाय रोवला आणि अक्कलदाढ काढावी तशी ती ओढून काढली. या गडबडीत ठराव मंजूर झाला. मी काठी आपटून निषेध नोंदवला. खाली सगळं गप्प झालं, वर कोणी झालं नाही.

घाबरायचं कारण नाही. २८ तारखेला समारोप परिषद घेणार. भाषण असं करायचं की सगळ्यांनी रडून ठराव मागे घ्यावा.

२४ फेब्रुवारी

लेकीने राजीनामा लिहून ठेवलाय. महिना संपला की देणार. ही सांगत होती, तेही भिंतीकडे बघून, कारण सध्या ही माझ्याशी बोलत नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आईला नोकरी सोडावी लागणे, हा भाषणात घालण्याजोगा मुद्दा आहे. घातला.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ

परिषद अकराला होती. खुर्च्या मांडल्या. साडेअकरापर्यंत फक्त टायपिस्टबाई आल्या, त्याही आपला टेबलफॅन न्यायला. अध्यक्षबाईंनी कळवलं, कंबर धरलीय.

मी भाषणाची उजळणी करत बसलो. खाली कलकलाट चाललेला, भोंगा तर टिपेला पोचलेला, पण आज काठी उचलावीशी वाटली नाही. कोणासाठी उचलायची?

मग दारावर थापा. उघडलं तर जिन्यात पोरांची रांग, मागे धापा टाकत बाई. सगळ्यांत पुढे भोंगा. कमरेवर हात ठेवून विचारते, आज धप्प का नाही केलं?

आवाज भोंग्याचा. चेहरा ठकीचा.

वर्षभर मी जिला कार्टी म्हणत होतो ती माझी ठकी! बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीने सांगितलं नाही का? सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार. मग बाईंनी खुलासा केला. वर धप्प झालं की खाली सगळ्यांनी पुतळे व्हायचं, जो हलला तो बाद. नऊ वर्षं पोरं हाच खेळ खेळताहेत. डाव संपला की पुन्हा धप्प व्हावं म्हणून सगळ्यांनी मिळून वर बघून ओरडायचं.

म्हणजे ती गप्प बसावीत म्हणून मी आपटत होतो, आणि मी आपटावं म्हणून ती ओरडत होती.

पोरं आत घुसून खुर्च्यांवर बसली. त्या खुर्च्यांवर नीट मावलेली माणसं मी पहिल्यांदाच बघितली. ठकीने सगळ्यांना ओरडून सांगितलं, धप्पआजोबा माझा आजोबा आहे! एवढे श्रोते समोर आहेत म्हणून भाषणाला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला ठकी म्हणाली, आजोबा, बोलू नको. धप्प कर.

केलं.

निघताना किल्ली बाईंच्या हातात दिली. लेकीला फोन करून म्हटलं, राजीनामा फाड. 'प्रत्येक इमारतीत मुलांसाठी एक खोली' मोहिमेची पहिली खोली आज मिळाली. मिळवून दिली, असंच म्हणायला हवं.

३ मार्च, दुपार

नव्या कामाचा पहिला दिवस. मुलांच्या विश्रांतीचा संचालक. (बाई म्हणतात, झोपलेल्या पोरांजवळ बसणारे आजोबा.) मुलं वर निजतात, म्हणून काठी बाईंनी कपाटात कुलूपबंद केली. आवाज अजिबात करायचा नाही म्हणाल्या. खोकायचं झालं तर जिन्यात.

हरकत नाही. शांतपणे मोठं काम होईल. 'धप्प-पद्धती'चं पुस्तक, मग प्रशिक्षण केंद्र, मग प्रत्येक शहरात शाखा. बालवाडीच्या खुर्चीवर बसून आराखडाच लिहून काढतो. सर्वप्रथम

ठकीने एक डोळा उघडलाय. पेनाचा आवाज येतोय म्हणते. बंद कर म्हणते.