तुझं सगळं काढलं नव्हतं, आई

प्रिय आई,

आज दहावीच्या वर्गात फळ्यावर स्त्री-प्रजननसंस्थेची आकृती काढली. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. "मॅडम, माझ्या आजीची पिशवी काढलीय. मग तिच्या आतलं हे सगळंच गेलं का?" मी तिला नीट सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग स्टाफरूममध्ये येऊन रडले, कारण हाच प्रश्न तू मला ठाण्याच्या हॉस्पिटलात विचारला होतास.

"माझं तर सगळं काढलं होतं ना गं? मग हा कॅन्सर आला कुठून?" सलाइनने तुझा हात सुजला होता. मी म्हटलं, "तू आता आराम कर." किती भित्री मुलगी तुझी!

उशीर झालाय, पण आता ऐक.

गर्भाशय मधोमध असतं, मूत्राशयाच्या मागे, मुठीएवढं. त्यालाच आपण पिशवी म्हणतो. त्याचं तोंड खाली योनीत उघडतं. वर दोन्ही बाजूंना एकेक नळी आणि नळीच्या टोकापाशी एकेक अंडाशय, कवचासकट बदामाएवढं. बीज तिथे तयार होतं. माझी सुरुवातही तिथलीच. डॉक्टरांनी तुझी पिशवी काढली, अंडाशयं मात्र ठेवली. ती तेव्हा चांगली होती, आणि त्या वयात शरीराला त्यांची गरज होती. कॅन्सर आला तो पुढे त्यांच्यातच. डॉक्टरांचं काही चुकलं नाही.

चुकलं आपलं. घरात "पिशवी काढली" एवढंच बोललं गेलं, तेही बाबा बाहेर गेल्यावर, कुजबुजत. उरलेले पॅड माझ्या हातात देऊन तू म्हणालीस, "सुटले एकदाची!" आपल्या दोघींच्या लेखी विषय संपला.

मागच्या उन्हाळ्यात म्हणालीस, "परकराची नाडी पुरत नाही गं." मी हसले. "आमरस कमी हाण!" पण तू तर दोन घासांत ताटावरून उठत होतीस. मला ते दिसत होतं आणि मी तुला ओवा चावायला देत होते. ठाकुर्लीच्या आपल्या डॉक्टरांनी विचारलं, "बायकांचा काही त्रास?" तू म्हणालीस, "छे हो, माझी पिशवीच काढलीय." आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, शेजारी बसून मान डोलावली! वर त्यांना म्हटलं, "गॅसचंच काहीतरी द्या." त्यात चार महिने गेले.

वीस वर्षं मुलांना सांगतेय, आकृतीला नावे द्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! फळ्यावरची ती आकृती आपल्या आईच्या पोटात असते, हे मला कधी सुचलंच नाही.

तुझं तेरावं झाल्यावर कपाटात साड्यांखाली ऑपरेशनची फाइल सापडली. डिस्चार्ज कार्डावर स्वच्छ लिहिलंय, दोन्ही अंडाशयं राखली आहेत. मी ते एकदाही का नाही वाचलं? लवकर कळलं असतं तर तू वाचली असतीस का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण निदान डॉक्टरांना अंडाशयांबद्दल विचारता तरी आलं असतं.

तुझ्यावरही थोडा राग आहे हं. शेजारणीच्या सुनेचं भांडणसुद्धा मला साग्रसंगीत सांगायचीस. मग पोटाचं सांगताना "जाऊ दे, होईल बरं" का?

कल्याणच्या मावशीचीही पिशवी काढलीय. परवा फोनवर म्हणाली, "मला कसली तपासणी? माझ्यात आता उरलंय काय!" मला वाटलं तूच बोलतेयस. रविवारी मी तिच्याकडे जातेय. ती म्हणेल, "अगं, जावई बसलेत, हळू बोल." मी हळू बोलणार नाही. गर्भाशय, अंडाशय, योनी, सगळी नावं जावयासमोर घेईन आणि सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेईन. आपलं काय काढलंय आणि काय उरलंय, हे तुझ्या बहिणीला माहीत असेल. एवढं वचन तुला देते.

तुझी,
शुभा