गेरलिंडे पास झाली

४ मार्च
लेकीच्या, सिल्केच्या हट्टापायी चर्चच्या हॉलमध्ये जाऊन आलो. घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांचा मेळावा. सगळ्या बायका, पुरुष मी एकटाच. भिंतीवर तक्ता: हे काम बहुतेक कोण करतं? बाई, पन्नाशी उलटलेली, लेक नाहीतर सून, नोकरी अर्धी केलेली, पाठ दुखणारी. मी ब्याऐंशीचा पुरुष. म्हणजे मी यात कुठेच बसत नाही. मी नवरा आहे, बस्स. केक बरा होता.

९ मार्च, सकाळ
कंपवात बायकोला, गेरलिंडेला आहे, मला नाही. तरी तिला अंघोळ घालताना आज दोघंही खाली बसलो. पडलो नाही, बसलो. बऱ्याच वेळानं उठलो. सिल्केला कळू द्यायचं नाही. ती लगेच नोकरीवर पाणी सोडायची भाषा करते. पोरीच्या गळ्यात आपलं लोढणं अडकवायचं नाही, हे मी ठरवलंय.

१५ मार्च
पुढच्या आठवड्यात विम्याच्या बाई येणार. गेरलिंडेला काय काय जमत नाही ते बघून रोज नर्स पाठवायची की नाही ते ठरवणार. सिल्केनं फोनवर बजावलं, "बाबा, घर आवरू नका. आईला नटवू नका. आहे तसं दिसू दे." तिला काय कळतंय. मी जन्मभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. तयारी न करता आलेला उमेदवार मी दारातच ओळखायचो.

१९ मार्च
सराव. बटणं: वरची दोन तिनं लावली, बाकीची मी. खुर्चीतून उठणं: गोळी घेतल्यावर तासाभराने उत्तम. बाई दहाला येणार, म्हणजे गोळी नऊला. गेरलिंडे वैतागली. म्हटलं, परक्यांसमोर शोभा नको.

२४ मार्च
फर्स्ट क्लास. खिडक्या पुसल्या, तिच्या गळ्यात मोत्यांची माळ घातली. ती उठली, चालली, कॉफीसुद्धा स्वतः ओतली. जी टेबलावर सांडली तिच्यावर मी पटकन रुमाल टाकला. बाईंनी विचारलं, तुम्हाला झेपतं ना? म्हटलं, आमचं झकास चाललंय. त्या गेल्या आणि गेरलिंडेच्या अंगातलं बळच सरलं. पलंगावर न्यायला शेजाऱ्याला हाक मारावी लागली. पडल्या पडल्या म्हणाली, "एकार्ट, मला जमत नाही हे दाखवायचं होतं ना?" मी तिच्या गळ्यातली माळ काढून ठेवली. ती दमली होती.

१४ एप्रिल
निकाल आला. रोजच्या नर्सची गरज नाही. क्षणभर मला चक्क आनंद झाला. सिल्के म्हणते, हरकत घ्या. बघू. पाठीत उसण भरलीय. हवा बदलतेय, त्यामुळे.

४ मे
सिल्के बॅग घेऊनच आली. आजपासून तिची नोकरी अर्धी. मला विचारलंही नाही. तिनं आईला अंघोळ घातली, केस विंचरले. गेरलिंडे खूप दिवसांनी हसली. उठताना सिल्केनं कमरेवर हात दाबला. दुखतंय का, विचारलं. म्हणाली, "नाही हो बाबा. हवा बदलतेय ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फेब्रुवारीत तिला छप्पन्न पूर्ण झाली. तक्त्यात अगदी बरोब्बर बसते.